फिल्म फाटली कशी, ते आधी बघा

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ ब्लोन फिल्मचं, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक फुग्यासारखं (बबल) फुगवून पातळ फिल्म काढायचं, छोटं युनिट चालवतो. मशीन एका थराचं, जुनं, मुळात एलडीसाठी (लो-डेन्सिटी पॉलिथिन) घेतलेलं. यंत्रांचे सुटे भाग आणि लोखंडी फर्निचर गुंडाळायची फिल्म आणि त्याच फिल्मच्या पिशव्या बनवतो. मिश्रण ७० टक्के एलडी, ३० टक्के एलएलडी (लिनिअर लो-डेन्सिटी पॉलिथिन). जाडी ६० मायक्रॉन. हल्ली तक्रारी वाढल्यात. कोपऱ्यांवर भोकं पडतात, एकदा चीर गेली की फिल्म सरळ फाटत जाते, काही पिशव्यांचं सील सुटतं. जाडी ७५ मायक्रॉन केली तरी फारसा फरक नाही. मग एलएलडी ६० टक्क्यांवर नेलं, तर फिल्म खरखरीत झाली, बबल नाचायला लागला आणि मोटरचे अ‍ॅम्पिअर चढले. घाबरून जुन्या मिश्रणावर परत आलो. माझं म्हणणं, मेटॅलोसीन दाणा (एलएलडीचाच एक वेगळा प्रकार) घ्यावा. धाकटा म्हणतो, तो महाग पडेल. त्यापेक्षा फिलर (स्वस्त खनिज भर) आणि रिप्रोसेस (पुनर्वापराचा) दाणा टाकून किलोमागे पैसे वाचवू आणि फिल्म जाड देऊ. दाणेवाल्यांना विचारलं तर जो तो आपलाच दाणा पुढे करतो. नेमकं कोणतं मिश्रण घ्यावं?
– दोन भाऊ, एक मशीन

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

मिश्रणाचे आकडे देतो, पण थोडं पुढे गेल्यावर. तुमच्या पत्रात एक तक्रार नाही, तीन आहेत. भोक पडणं, चीर पुढे पळणं आणि सील सुटणं ही तीन वेगळी दुखणी आहेत, आणि तुम्ही तिन्हींवर जाडीचा एकच उपाय केलात. ‘मजबूत फिल्म’ अशी एकच गोष्ट नसते. टोचण्याला दाद न देणारी फिल्म चिरेला शरण जाऊ शकते, आणि चीर रोखणारी फिल्म मशीनवर इतकी लुळी पडू शकते की पॅकिंगवाला वैतागेल. म्हणून दाणेवाल्याला फोन करण्याआधी ग्राहकाला करा आणि फाटलेले तुकडे परत मागवा. फोटो नकोत, तुकडेच हवेत.

भोकाची कड बोटाने चाचपा. कड ताणून पातळ झाली असेल, पांढुरकी दिसत असेल, तर फिल्म जमेल तितकी ताणली गेली आणि मग हरली. इथे दाण्याचा चिवटपणा वाढवायला हवा. कड स्वच्छ असेल, आजूबाजूला ताणाची खूणच नसेल, तर दोन शक्यता. एक तर धारदार कडेने फिल्म कापली गेली, नाहीतर तिथे आधीपासून जेल (नीट न वितळलेली प्लास्टिकची गुठळी) किंवा कचऱ्याचा कण होता. त्याच रोलचा दुसरा तुकडा उजेडासमोर धरा. माशाच्या डोळ्यासारखे ठिपके दिसले तर दाण्याच्या निवडीपेक्षा दाण्याची स्वच्छता आणि मिसळण हा तुमचा प्रश्न आहे. चीर रोलच्या लांबीच्या दिशेने गेली की रुंदीच्या, तेही नोंदवा. सीलचं म्हणाल तर ते उकललं की सीलच्या शेजारून फिल्म फाटली, एवढं पाहा. उकललं असेल तर वितळून एकजीव झालंच नव्हतं. शेजारून फाटलं असेल तर सील करणाऱ्या जबड्याच्या जास्त उष्णतेने किंवा दाबाने तिथली फिल्म पातळ झाली.

तुकडे माझ्यासमोर नाहीत. पण ‘सरळ फाटत जाते’ हे शब्द आणि ७०-३० हा आकडा एकत्र वाचले की मोठा संशय एलडीवर जातो. त्यासाठी हे दोन दाणे वेगळे का वागतात ते थोडं पाहावं लागेल. कंटाळा करू नका, पुढचे सगळे निर्णय यातूनच निघतात.

पॉलिथिन १९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआय या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडलं तेच मुळी प्रचंड दाबाखाली चाललेल्या एका प्रयोगात. आजही एलडी हजार ते तीन हजार वातावरणांच्या दाबाखालीच बनतं. त्या धामधुमीत रेणूंच्या साखळ्यांना वेड्यावाकड्या फांद्या फुटतात; काही फांद्या मूळ साखळीइतक्या लांब असतात. काटेरी झुडपाच्या फांद्या एकमेकींत अडकाव्यात तशा त्या वितळलेल्या अवस्थेत गुंततात. म्हणून एलडीचा बबल हवेत ठाम उभा राहतो. शिवाय स्क्रूमध्ये (दाणा वितळवत पुढे ढकलणारा मशीनचा भाग) घुसळलं की एलडी झपाट्याने पातळ होतं, त्यामुळे मोटरवर ताण येत नाही. एलएलडी कमी दाबाखाली, उत्प्रेरक वापरून बनतं. त्यात इथिलीनबरोबर थोडा दुसरा वायू किंवा द्रव घालतात, आणि साखळीला फक्त आखूड, एकसारखे कोंब येतात. लांब फांद्या नाहीत म्हणजे गुंता नाही, म्हणून वितळलेलं एलएलडी उभं धरायला अवघड. पण थंड झाल्यावर त्याच्या साखळ्या एका स्फटिकातून दुसऱ्यात जातात आणि फिल्मला आतून बांधून ठेवतात. चिवटपणा येतो तो इथून.

आता तुमच्या चिरेचं. हॉल-ऑफ (खेचणारे रोलर) बबलला वर खेचतो तेव्हा एलडीच्या गुंतलेल्या साखळ्या त्या दिशेला ताणल्या जातात आणि फ्रॉस्ट लाइनला, म्हणजे बबल घट्ट होतो त्या रेषेला, तशाच गोठतात. मग रोलच्या लांबीच्या दिशेने फिल्म सहज उभी फाटते. एलएलडीत एलडी वाढवत गेलं की या दिशेची फाट रोखायची ताकद घसरते, आणि ही घसरण सरळ हिशेबाने होत नाही. मधल्या काही प्रमाणांत तर मिश्रण दोन्ही मूळ दाण्यांपेक्षा दुबळं निघू शकतं. ‘थोडं हे, थोडं ते’ हा विचार इथे फसतो. साखळ्यांची दिशा तीच राहिली, म्हणून जाडी ७५ वर नेऊनही चीर थांबली नाही.

आणखी एक गोष्ट तपासा, तिला खर्च शून्य आहे. तुमचा ब्लो-अप रेशो, म्हणजे बबलचा व्यास डायच्या व्यासाच्या किती पट, किती? लेफ्लॅटला (सपाट केलेल्या बबलची रुंदी) ०.६३७ ने गुणा आणि डायच्या (प्लास्टिक बाहेर पडतं तो गोल साचा) व्यासाने भागा. डाय १५० मिलिमीटर आणि लेफ्लॅट ६०० असेल तर उत्तर साधारण २.५ येतं, आणि ते ठीक आहे. त्याच डायवर तुम्ही ३५० च्या अरुंद पिशव्या काढत असाल तर रेशो १.५ वर येतो. अशा वेळी फिल्म जवळजवळ एकाच दिशेने ताणली जाते आणि कितीही चांगला दाणा टाकला तरी उभी फाटते. एलडी-एलएलडीच्या फिल्मसाठी २ ते ३ च्या दरम्यान राहा. तक्रारी मुख्यतः अरुंद मालावरच असतील तर अर्धं कोडं इथेच सुटलं. लहान डाय घ्या, किंवा रुंद फिल्म काढून मध्ये चिरा.

६० टक्के एलएलडीचा प्रयोग फसला याचं वाईट वाटून घेऊ नका. दाणा वाईट नव्हता, मशीन तयार नव्हतं. दोन्ही दाण्यांचा मेल्ट फ्लो इंडेक्स (वितळलेलं प्लास्टिक किती सहज वाहतं त्याचा आकडा) सारखाच, म्हणजे १ च्या आसपास, असं पाहूनच तुम्ही घेतलं असेल. तो आकडा मोजतात १९० अंश सेल्सिअसला, २.१६ किलोच्या वजनाखाली, अगदी सावकाश वाहणाऱ्या प्लास्टिकवर. तुमचा स्क्रू आणि डाय त्याहून कितीतरी जोराने घुसळतात. त्या वेगात एलडी पातळ होतं, एलएलडी फारसं होत नाही. कागदावर दोघं सारखे, डायमध्ये मात्र एलएलडी खूपच घट्ट. अ‍ॅम्पिअर चढले ते म्हणून.

खरखरीतपणाला धंद्यात शार्कस्किन म्हणतात. डायच्या ओठांपाशी प्लास्टिक धातूला चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं, आणि पृष्ठभाग ओरबाडल्यासारखा होतो. एलडीसाठी बनवलेल्या डायची फट साधारण १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असते. एलएलडीला दीड ते अडीच लागते. फट बदलून मिळत असेल तर तो कायमचा उपाय. नसेल तर मेल्टचं तापमान वाढवून २००-२१० पर्यंत न्या आणि प्रोसेसिंग एड मास्टरबॅच (प्लास्टिक डायमधून घसरवणाऱ्या पदार्थाचा दाट दाणा) वापरा. नेहमीचं एड फ्लुओरोपॉलिमरचं असतं, दशलक्षाला काहीशे भाग पुरतात. ते डायच्या आतून पातळ लेप देतं आणि प्लास्टिक घसरायला लागतं. लेप बसायला वेळ लागतो. सुरुवातीला प्रमाण जास्त ठेवा, फिल्म गुळगुळीत झाली की कमी करा. दहा मिनिटांत फरक दिसला नाही म्हणून बंद करू नका. मिश्रणात टाल्कचं अँटिब्लॉक (फिल्मचे थर एकमेकांना चिकटू न देणारी भर) असेल तर ते हे एड स्वतःकडे ओढून घेतं, मग प्रमाण वाढवावं लागतं. आणि ग्राहकाने फ्लुओरिनमुक्त माल मागितला, जे हल्ली वाढतंय, तर तसं एडही मिळतं. पण त्याची चाचणी वेगळी घ्या, जुन्या एडची मात्रा त्याला तशीच लावू नका.

बबल नाचतो त्याला तीन उपाय आहेत. पहिला, मेल्ट शक्य तितकं थंड ठेवणं. पण शार्कस्किनसाठी तुम्ही ते तापवताय, म्हणजे मधला मार्ग शोधावा लागेल. दुसरा, दोन ओठांची एअर रिंग (बबलभोवती थंड हवा सोडणारी कडी). तुमच्याकडे एकच ओठ असेल तर मशीनवर पहिला खर्च इथे करा, स्क्रूवर नाही. तिसरा उपाय मिश्रणातच आहे आणि त्याकडे फार कमी जण बघतात. बबल सावरायला एलडी ३० टक्केच लागतं असं नाही. २ इंडेक्सचं एलडी घेतलं तर तेवढं लागेलही, पण ०.३ च्या आसपासचं, जड साखळ्यांचं एलडी घेतलं तर १५ टक्क्यांतही बबल उभा राहतो. एलडी कमी म्हणजे चीरही कमी. तुमच्या गोदामात जे एलडी पडलंय त्याचा इंडेक्स आजच पाहा.

आता दाणे. एलएलडीत ब्युटीन, हेक्सीन आणि ऑक्टीन असे तीन प्रकार चालतात. हे त्या दुसऱ्या घटकाचं नाव. ब्युटीनचा कोंब दोन कार्बनचा, हेक्सीनचा चार, ऑक्टीनचा सहा. कोंब लांब असेल तर तो स्फटिकात नीट बसत नाही, जास्त साखळ्या स्फटिकांच्या मधल्या भागात बांध घालतात, आणि टोचणं व फाटणं दोन्हींना विरोध वाढतो. ब्युटीनकडून हेक्सीनकडे गेलात की उडी मोठी आहे. हेक्सीनकडून ऑक्टीनकडे ती लहान होते, आणि तुमच्या कामाला तिची गरज मला दिसत नाही. तुम्ही सध्या कोणतं एलएलडी वापरता ते पत्रात नाही. दाणेवाल्याने सांगितलं नसेल तर बहुधा ब्युटीनच असेल.

मेटॅलोसीन हेही एलएलडीच, फक्त उत्प्रेरक वेगळा. त्यामुळे साखळ्या जवळपास सारख्या लांबीच्या होतात आणि कोंब सगळ्या साखळ्यांवर सारखे वाटले जातात. भोक पडण्याला विरोध खूप वाढतो आणि सील कमी तापमानाला लागतं. इथपर्यंत तुमचं बरोबर. पण चीर पुढे पळण्याच्या बाबतीत मेटॅलोसीन चांगल्या हेक्सीनपेक्षा सरस असेलच असं नाही, कधी कधी मागेही पडतं. शिवाय ते स्क्रूला सगळ्यात जड आणि बबलला सगळ्यात लुळं. एलडीच्या जुन्या मशीनवर शंभर टक्के मेटॅलोसीन टाकायचा विचार असेल तर तो सोडा. ते मिश्रणात २०-३० टक्के ठेवा. भोकांसाठी आणि सीलसाठी तेवढं पुरे.

मी सुरुवात अशी करेन : हेक्सीन एलएलडी, इंडेक्स १, घनता ०.९१८ च्या आसपास, ५५ टक्के, त्याच इंडेक्सचं मेटॅलोसीन २५ टक्के, ०.३ इंडेक्सचं एलडी २० टक्के. मशीन कुरकुर करत असेल तर मेटॅलोसीन १५ वर आणा आणि तेवढं हेक्सीन वाढवा. बबल स्थिर असेल तर एलडी १५ वर न्या. एकदम उडी मारण्यापेक्षा आधी नुसतं ब्युटीनच्या जागी हेक्सीन टाकून, जुन्याच ७०-३० प्रमाणात, एक रोल काढा. मग प्रमाण ५०-५० करा, मग २०-८०, आणि शेवटी मेटॅलोसीन आणा. प्रत्येक पायरीला अ‍ॅम्पिअर, मेल्ट प्रेशर आणि मेल्टचं तापमान लिहून ठेवा. तुमच्या मशीनची मर्यादा कुठे आहे ते या वहीतच कळेल. मला इथे बसून कळणार नाही.

फिल्म फारच मऊ झाली, पिशवी उघडताना लोळायला लागली, तर १० टक्के एचडी किंवा एमडी (जास्त किंवा मध्यम घनतेचं पॉलिथिन) घाला. पण ०.०५ इंडेक्सचं अतिघट्ट एचडी १ इंडेक्सच्या एलएलडीत घालू नका. साध्या स्क्रूमध्ये ते नीट वितळून मिसळत नाही, गुठळ्या राहतात आणि पुढच्या महिन्यात तुम्ही ‘जेल का येतात?’ असं पत्र लिहाल. एचडी घ्यायचंच तर इंडेक्स जवळचा घ्या. ईव्हीए (इथिलीन-व्हिनाइल अ‍ॅसिटेट) घालायचा सल्ला कोणी दिला असेल तर तुमच्या कामात तो मला पटत नाही. फिल्म मऊ आणि चिकट होते, सील सोपं होतं. पण लोखंडी कोपऱ्यासमोर मऊपणाचा काय उपयोग? शिवाय एलएलडीसाठी बॅरल तापवलेलं असताना ईव्हीए फार वेळ आत अडकलं तर विघटन होऊन व्हिनेगरचा वास सुटतो.

धाकट्यांचा मुद्दा टाकाऊ नाही, पण हिशेब चुकीच्या मापाने मांडलाय. ते किलोवर बोलतात. ग्राहक फिल्म वापरतो चौरस मीटरवर. कॅल्शियम कार्बोनेटची घनता २.७ च्या आसपास, एलडी-एलएलडीची ०.९२. फिल्ममध्ये वजनाने २० टक्के कॅल्शियम कार्बोनेट गेलं की फिल्मची घनता १.०६ च्या घरात जाते. ७५ मायक्रॉनची शुद्ध फिल्म चौरस मीटरला ६९ ग्रॅम भरते, फिलरची सुमारे ७९-८०. म्हणजे एका किलोत साडेचौदा चौरस मीटर मिळत होते, ते साडेबारावर आले. किलोमागे वाचलेले पैसे तिथेच वजा करा, मग काय उरतं ते पाहा. भरीला फिलरचं मास्टरबॅच ओलावा धरतं. नीट वाळवलं नाही तर फिल्ममध्ये बुडबुडे आणि लांबट भोकं येतात. बारीक, लेप दिलेल्या कॅल्शियमचे चांगले उपयोगही आहेत, खासकरून एचडीच्या पातळ पिशव्यांत. पण टोचण्याच्या तक्रारी आहेत तिथे मी ते घालणार नाही.

आता हेच गणित उलट बाजूने करा. नवं मिश्रण इतकं सुधारलं की ७५ ऐवजी ५५ मायक्रॉनमध्ये काम भागलं, तर वजन चौरस मीटरला ५०.६ ग्रॅम पडतं आणि एका किलोत जवळपास २० चौरस मीटर निघतात. जुन्या दाण्याचा भाव १०० धरला तर नव्या मिश्रणाचा १३६ पर्यंत गेला तरी दाण्याचा चौरस मीटरमागचा खर्च वाढत नाही. हा आकडा धाकट्यांसमोर ठेवा. भांडण बरंचसं मिटेल. मात्र जाडी उतरवायची ती शेवटी. आधी तुमच्या फिल्मचं गेज (जाडी) जागोजागी किती हलतं ते मोजा. लेफ्लॅटच्या संपूर्ण रुंदीवर ठरावीक अंतराने मायक्रोमीटर लावा. सरासरी ५५ आणि फरक अधिक-उणे १५ टक्के असेल तर फिल्म कुठेतरी ४७ मायक्रॉनचीच आहे, आणि लोखंडाचा कोपरा नेमका त्या पट्ट्यावर आला की तुमच्या सरासरीचा काही उपयोग नाही. डायचं सेंटरिंग आणि एअर रिंगची सफाई यांनी जेवढं सुधारतं, तेवढं कोणत्याही दाण्याने सुधारत नाही.

रिप्रोसेस दाण्याबद्दल माझं मत कडक आहे. तुमच्याच लाइनवरचं ट्रिम (कापलेल्या कडा) आणि खराब रोल, स्वच्छ ठेवून, १०-१५ टक्के खुशाल परत घाला. त्याचा इतिहास तुम्हाला माहीत आहे. बाहेरच्या दाण्याचा नसतो. त्यात पीपी (पॉलिप्रोपिलीन) असेल तर ते पीईत (पॉलिथिनमध्ये) मिसळतच नाही, वेगळे थेंब बनून बसतं, आणि फिल्म तिथून उकलते. थोडं प्रमाणही सील बिघडवायला पुरतं. खात्री करायची असेल तर नमुन्याची डीएससी चाचणी (नमुना तापवून तो कुठे वितळतो ते आलेखावर दाखवणारी) करून घ्या. पीईची वितळण्याची शिखरं १३५ अंशांच्या आत संपतात. १६० च्या पुढे शिखर दिसलं तर तो पीपी. शिवाय ५५ मायक्रॉनच्या एका थराच्या फिल्ममध्ये १०० मायक्रॉनचा एक जळका कण म्हणजे तयार भोक. उद्या तीन थरांची लाइन घेतलीत तर रिप्रोसेस दाणा मधल्या थरात घाला आणि दोन्ही बाहेरचे थर चांगल्या दाण्याचे ठेवा. आज मात्र नको.

सीलचं थोडक्यात. एलडी ११० अंशांच्या आसपास वितळतं, नेहमीचं एलएलडी १२२-१२४ ला. मिश्रणात एलएलडी वाढवून जबड्याचं तापमान तेच ठेवलं तर सील कच्चं राहणारच. पुष्कळ जण इथे दाण्याला शिव्या देतात. नव्या मिश्रणावर तापमान पाच-पाच अंशांनी वाढवत पट्ट्या सील करा, हाताने सोलून पाहा आणि कोणत्या तापमानापासून सील उकलण्याऐवजी फिल्म फाटायला लागते ते टिपा. मेटॅलोसीनमुळे हा आकडा खाली येतो. तुम्ही पिशव्यांवर छपाई करत असाल तर कोरोना ट्रीटमेंट (शाई धरावी म्हणून पृष्ठभागावर केलेली विजेची प्रक्रिया) फक्त बाहेरच्या बाजूला होते ना, ते बघा. जास्त ट्रीटमेंट झाली तर तिचा परिणाम मागच्या बाजूलाही उतरतो आणि आतलं सील दगा देतं. स्लिपचं (फिल्म घसरती करणारी भर) प्रमाणही तपासा. इरुकामाइडसारखे स्लिप एक-दोन दिवसांत हळूहळू पृष्ठभागावर येतात, म्हणून मशीनवरून उतरल्याबरोबर घेतलेली घसरणीची चाचणी खोटं बोलते. घसरण कमी वाटली म्हणून त्याच दिवशी मात्रा दुप्पट करणारे मी पाहिले आहेत. दोन दिवसांनी त्यांचे रोल हातातून निसटत होते.

स्लिपवरून आठवलं. फर्निचर रंगवलेलं किंवा पॉलिश केलेलं असेल तर फिल्मवर आलेलं स्लिप आणि अँटिस्टॅटिक (स्थिर वीज साचू न देणारी भर) त्या पृष्ठभागावर उतरून धुरकट डाग पाडू शकतात. अशा मालासाठी स्लिप नसलेला दाणा मागा. दाण्याच्या ग्रेडमध्ये स्लिप आधीच घातलेलं असतं आणि आपण वरून मास्टरबॅच टाकतो, असंही होतं. डेटाशीट वाचल्याशिवाय ते कळत नाही.

चाचणीसाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. डार्ट ड्रॉपचं (वरून वजन टाकून फिल्म फाटते का ते पाहायचं) साधं उपकरण शेडमध्येच बनवता येतं : ३८ मिलिमीटर व्यासाचं अर्धगोल डोकं, फिल्म घट्ट पकडणारी रिंग, ६६ सेंटिमीटरची उंची, एएसटीएम डी १७०९ या चाचणी-मानकाची पहिली पद्धत हीच. फिल्म फाटली की वजन एक टप्पा कमी करा, टिकली की एक टप्पा वाढवा. निम्मे तुकडे फाटतात ते वजन म्हणजे तुमचा आकडा. दोन मिश्रणं एकाच जाडीवर तपासा, नाहीतर तुलना व्यर्थ. फिल्म काढल्यावर दोन दिवस नेहमीच्या तापमानात पडू द्या, मग मोजा. रोलच्या दिशेने फाट मोजायला एल्मेंडॉर्फ यंत्र लागतं, ते बाहेरून करून घ्या. तुमच्या तक्रारीत हा आकडा डार्टपेक्षा महत्त्वाचा आहे.

डार्ट हा एका झटक्याचा मार असतो. मालवाहतुकीत कोपरा फिल्मवर तासन्‌तास घासत, दाबत राहतो, आणि त्या सावकाश मारात मिश्रणांचा क्रम बदलू शकतो. म्हणून नव्या मिश्रणाचे काही रोल एका ग्राहकाकडे खऱ्या मालावर पाठवा, त्याच गाडीत जुन्या फिल्मचाही माल ठेवा, आणि परत आलेल्या दोन्ही फिल्म शेजारी ठेवून पाहा. कोपरा इतका धारदार असेल की दोन्ही फाटतात, तर तिथे पुठ्ठ्याचा किंवा फोमचा तुकडा लावायला ग्राहकाला सांगा. ५५ मायक्रॉनच्या पीईने कापणाऱ्या धातूला अडवावं ही अपेक्षाच चूक आहे, आणि ती पूर्ण करायला फिल्म १०० मायक्रॉनवर नेणं हा महागडा हट्ट आहे.

मिसळणीकडेही लक्ष द्या. तीन दाणे घमेल्याने मोजून हॉपरमध्ये ओतत असाल तर वहीतलं ५५-२५-२० आणि डायमधलं प्रमाण वेगळं निघेल. निदान वजनकाटा वापरा आणि टम्बलरमध्ये एकत्र फिरवून मग हॉपरमध्ये घाला. पुढेमागे वजनावर चालणारं डोझिंग घेता आलं तर उत्तम. जुनं मिश्रण मशीनमधून पूर्ण निघून गेल्याशिवाय नव्याचे नमुने घेऊ नका.

दाणेवाल्याकडे जाताना पाच गोष्टी लेखी मागा : कोमोनोमर (ब्युटीन, हेक्सीन की ऑक्टीन) कोणता, घनता, मेल्ट इंडेक्स, स्लिप आणि अँटिब्लॉक घातलेत का आणि किती, आणि लॉटनुसार चाचणीचा दाखला. ज्याला हे देता येत नाही त्याच्या दाण्यावर चाचणीचे रोल काढू नका. पुढचा लॉट वेगळा आला तर तुमच्या वहीतल्या नोंदी पुन्हा पहिल्यापासून कराव्या लागतील.